क्रेन परत नेण्याचं प्रात्यक्षिक

कंपनीत सगळे तिला वहिनी म्हणत. सगळे म्हणजे दोघे. एक तिचा सख्खा दीर, ज्याची कंपनी होती, आणि दुसरा त्याचा कॉलेजातला मित्र, ज्याला आकड्यांशिवाय दुसरं काही दिसत नसे म्हणून त्याचं नाव गणित्या पडलं होतं. तिच्या हुद्द्याचं नाव भाऊजींनी पुष्कळ विचार करून ‘ग्राहक-आनंद प्रमुख’ असं ठेवलं होतं. त्यात खेळणी धुणं, वाळत घालणं, फोन घेणं आणि स्क्रू घट्ट आहेत का ते बघणं एवढं येई.

कंपनी घराच्याच तळमजल्यावर होती. पूर्वी तिथे कुणीतरी शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. फरशीवरचे तेलाचे डाग अजून गेले नव्हते. आता तिथे भिंतभर मांडण्या होत्या, मांडण्यांवर खेळणी, आणि समोर पांढरा फळा. मागच्या अंगणात दोरीवर धुतलेली अस्वलं कानांना चिमटे लावून वाळत असत. आईबापांबरोबर पहिल्यांदा आलेली मुलं ते दृश्य बघून एकदम गप्प होत.

ही नोकरी तिनं घेतली ती जिन्यामुळे. जिना चढलं की वरच्या खोलीत तिची तीन वर्षांची मुलगी दुपारची झोपायची. मुलीला खाऊ गालात साठवून ठेवायची सवय, म्हणून घरात सगळे तिला खारू म्हणत. बाकीच्यांना त्याचं कौतुक होतं. आईला मात्र तो घास नेमका कधी खाली उतरणार याची धास्ती. पोरगी झोपेत खोकली तर ऐकू येईल असं दुसरं ऑफिस शहरात नव्हतं. भाऊजींनी नोकरीचं विचारलं तेव्हा तिनं पगाराबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, “जिन्याचं दार उघडं ठेवलं तर चालेल ना?”

आणि ती या कामाला चांगलीच लायक होती. तिला जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसत: घशात अडकणाऱ्या आणि डोक्यात पडणाऱ्या. नवं अस्वल आलं की ती त्याचे बटणाचे डोळे आधी बोटांनी आणि मग दातांनी ओढून बघायची. एकदा गणित्या तेवढ्यात आत आला, तिच्या तोंडात अस्वलाचा डोळा बघून “चालू द्या” म्हणाला आणि बाहेर गेला.

भाऊजींचं म्हणणं असं की खेळणी ही दुय्यम गोष्ट आहे. “वस्तू कुणीही बनवेल, वहिनी. आपण मॉडेल बनवतोय.” हे ते इतक्या गंभीरपणे म्हणत की तिलाही एखादं मॉडेल मांडणीवर कुठे ठेवायचं असा प्रश्न पडे.

आतापर्यंत तीन मॉडेलं झाली होती. पहिल्यात कंपनीकडे खेळणी नव्हतीच. दोन घरांनी आपापसांत खेळणी अदलाबदल करायची आणि कंपनीनं नुसती गाठ घालून द्यायची, असं ते ॲप होतं. मुलाला दुसऱ्याचं खेळणं हवं असतं आणि आपलं द्यायचं नसतं, ही गोष्ट दोन अविवाहित पुरुषांच्या ध्यानात यायला बराच काळ गेला. दुसऱ्या मॉडेलात जेवढा वेळ खेळ तेवढंच भाडं. त्यासाठी अस्वलांच्या पोटात मीटर बसवला. एका मुलीनं अस्वल कुशीत घेऊन रात्र काढली आणि सकाळी तिच्या वडलांना बिल गेलं. ते भांडायला आले तेव्हा भाऊजींनी त्यांना कुशीत घेणं हासुद्धा एक प्रकारचा वापरच आहे असं शांतपणे समजावून सांगितलं. शिवाय ती अस्वलं टिकटिक करायची.

“पोटात घड्याळ घातलेलं जनावर बघून पोरं दचकणार नाहीत तर काय,” सासूबाई म्हणाल्या, “ओवाळतील का त्याला?”

तिसरं मॉडेल साधं होतं. महिन्याच्या महिन्याला खेळण्यांची पिशवी पाठवायची, शनिवारी जुनी परत आणायची, नवी द्यायची. हे चाललं. फार नाही, पण चाललं. मग एका सोमवारच्या बैठकीत तिनं तक्रार मांडली, आणि तिथून सगळी गाडी वेगळ्याच रुळावर गेली.

“मुलं रडतात,” ती म्हणाली. “परत द्यायच्या दिवशी. काल एका आईचा फोन होता. बिचारी स्वतःच रडकुंडीला आली होती. म्हणाली, ताई, तो फायर-बंब सोडतच नाहीये, अजून महिनाभर ठेवू का, पैसे देते.”

भाऊजी फळ्यावर काहीतरी लिहीत होते. त्यांचा हात थांबला.

“काय म्हणाली?”

“रडकुंडीला आली होती.”

“नाही, त्याच्या पुढचं.”

“अजून महिनाभर ठेवू का म्हणाली.”

गणित्यानं लॅपटॉपवरून मान वर केली. हे तो क्वचित करत असे. “असं बऱ्याच जणी म्हणतात?”

“पुष्कळ. म्हणून तर म्हणतेय, यावर काहीतरी उपाय काढू या.”

“उपाय कशाला?” भाऊजी म्हणाले, आणि त्यांनी फळा पुसायला घेतला.

अशा रीतीनं तिनं तक्रार म्हणून जे सांगितलं ते मॉडेल म्हणून लिहिलं गेलं. पहिला महिना फुकट. खेळणं एकच, पण मुलाच्या आवडीचं नेमकं ओळखून दिलेलं. महिनाअखेरीच्या शनिवारी ते न्यायला माणूस येणार, आणि तेव्हा मूल जागं असलंच पाहिजे. पूर्वी आया मूल झोपलेलं असताना पिशवी गुपचूप दारात आणून देत. ते आता बंद. आईबापांपुढे दोन वाटा: खेळणं हातात द्या, नाहीतर ॲपमधलं ‘राहू दे’ हे हिरवं बटण दाबा. बटण दाबलं की महिन्याचे पैसे, आणि पुढच्या महिन्याला पुन्हा शनिवार.

“आपण भाडं घेत नाही,” भाऊजी म्हणाले. “आपण निरोप लांबवतो.”

“आणि रडणं?”

“ते मुलाचं असतं, वहिनी. त्यात आपला हात नाही.”

हात मात्र तिचाच होता. कारण फोनवर आणि दारात काय बोलायचं तो कागद तिनं लिहिला. पूर्वी कधीतरी एका मुलाची समजूत काढताना ती सहज म्हणून गेली होती, “अरे, तुझ्या बंबाची आई घरी वाट बघतेय त्याची.” समजूत निघाली नव्हती, मुलगा दुप्पट रडला होता. पण गणित्यानं ते ऐकलं होतं. त्यानं जुन्या पिशवीवाल्या घरांपैकी अर्ध्यांना साधा निरोप पाठवून बघितला आणि अर्ध्यांना हा आईचा. आईच्या निरोपाला ‘अजून महिनाभर राहू दे’ असं उत्तर कितीतरी जास्त घरांतून आलं. तिचं वाक्य कागदावर सगळ्यात वर, ठळक अक्षरांत आलं. कॉलेजात निबंधाला बक्षीस मिळालं होतं तेव्हासारखं तिला क्षणभर वाटलं, पण लगेच ती वर जाऊन खारूचा श्वास चालू आहे ना ते बघून आली.

खारूकडे तोवर क्रेन आली होती.

नवं खेळणं घराघरांत पाठवण्याआधी घरातल्या मुलाला देऊन बघायचं, असा रिवाज होता. त्या खेपेला मऊ सशांचा ढीग आला होता आणि त्यात पुरवठादारानं चुकून टाकलेली एक लाकडी, पिवळी क्रेन. तिला दोरी, दोरीला आकडा. पोरीनं सशांकडे ढुंकून पाहिलं नाही. क्रेन उचलली, तिला आपल्या उशीवर निजवलं, वर दुपटं घातलं, आणि आकडा मुठीत धरून झोपली. आईनं दोरीची लांबी मोजली, रंग नखानं खरवडून बघितला, आकड्याचं टोक गोल आहे याची खात्री केली. मग तीही शेजारी आडवी झाली, आणि क्रेनचा दांडा रात्रभर तिच्या बरगडीत टोचत राहिला.

“बापावर गेलीय,” सासूबाई म्हणाल्या. “त्याचं लग्नाआधी स्कूटरवर असंच प्रेम होतं. पावसात स्वतः भिजायचा आणि तिला ताडपत्री.”

 नवरा कारखान्यात पाळीवर जाई आणि धाकट्या भावाच्या कंपनीबाबत त्याचं धोरण कधीच बदललं नव्हतं: मला मध्ये घेऊ नका.

नवं मॉडेल धावू लागलं. पहिल्या शनिवारी ज्या ज्या घरी माणूस जायचा होता त्या त्या घरी आधीच बटण दाबलं गेलं. माणूस घरातूनच निघाला नाही. माणूस म्हणजे भाऊजीच होते. ते नवा शर्ट घालून दारात उभे होते. गणित्या लॅपटॉपवरून एकेक नाव वाचत होता आणि ते एकेक पाऊल मागे येत होते. शेवटी ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “शंभर टक्के.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तिलाही आनंद झाला. नोकरी टिकणार, जिन्याचं दार उघडं राहणार. पण त्याच दिवशी दुपारी एका आईचा फोन आला. ती ओरडली नाही की रागावली नाही. एवढंच म्हणाली, “ताई, तुम्हाला मुलं आहेत का हो?”

“आहे ना,” ती म्हणाली. “एक.”

“हो का,” असं म्हणून त्या बाईंनी फोन ठेवला. हे ती बैठकीत बोलली नाही. बोललं की त्याचं काय होतं ते तिनं पाहिलं होतं.

शंभर टक्के हा आकडा भाऊजींनी जिथे जिथे पोचवता येईल तिथे पोचवला आणि एका गुंतवणूकवाल्या बाईंकडून उत्तर आलं. या बाई नव्या कंपन्यांमध्ये पैसे घालत आणि त्याआधी फार थोडे प्रश्न विचारत, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी लिहिलं होतं की आकडे बघितले, आता एक निरोप प्रत्यक्ष बघायचा आहे. पैसे आले नाहीत तर तळमजल्याचं दुकान बंद, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मोठ्या भावानं जागा फुकट दिली असली तरी वीज फुकट नव्हती.

“गिऱ्हाइकाच्या घरी नेता येणार नाही,” गणित्या म्हणाला. “मूल रडेल याची हमी नाही.”

“घरातलंच मूल बरं,” भाऊजी म्हणाले.  दोघांनीही तिच्याकडे बघितलं नाही.

“खारू?” ती म्हणाली.

“पाच मिनिटांचं काम आहे, वहिनी. मी क्रेन न्यायला येणार. तिनं थोडं रडायचं. तुम्ही बटण दाबायचं. मी जायचं. क्रेन घरातच.”

“आणि नाही रडली तर?”

“रडेल ना?” भाऊजींच्या आवाजात खरी काळजी होती. काका म्हणून त्यांचा तिच्यावर जीव होता. घोडा होऊन घरभर फिरवत. “तुम्हीच म्हणता ना, क्रेनशिवाय तिला झोप येत नाही?”

तिनं विचार करते म्हणून सांगितलं. विचार काय करणार? इकडे आड, तिकडे विहीर. पोर रडली तर कंपनी तरणार. पोर हसत हसत टाटा म्हणाली तर आपण चार दिवसांनी कुठल्यातरी दूरच्या ऑफिसात बसलेल्या असणार, खुर्चीत अवघडून, आणि इथे वरच्या खोलीत खोकला येणार. तरीही तिनं गुपचूप तिसराच उद्योग आरंभला. दुपारी झोपायच्या वेळी ती क्रेन खोलीतल्या मांडणीवर ठेवी आणि म्हणे, “क्रेन दमली बाई, आज ती तिथे झोपणार.” पहिल्या दिवशी खारूनं मान्य केलं आणि उशी घेऊन मांडणीखाली जमिनीवर जाऊन झोपली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना नात फरशीवर सापडली.

“हे काय चाललंय?”

“क्रेनची सवय सोडवतेय, आई.”

“का? ती काय दारू पितेय?”

 क्रेन पुन्हा उशीवर गेली.

बाई ठरलेल्या दुपारी आल्या. साधे सपाट बूट, खांद्याला कापडी पिशवी, चेहऱ्यावर काहीच नाही. चहा घेतला, साखर नको म्हणाल्या. भाऊजींनी फळ्यावर तिन्ही जुनी मॉडेलं आणि चौथं असं सगळं काढून दाखवलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग सगळे वर गेले, कारण निरोप वर होता.

मांडणी ठरली होती ती अशी: भाऊजींनी कंपनीचा एप्रन घालून बाहेर जायचं आणि बेल वाजवायची. बेल वाजली. खारूनं धावत जाऊन दार उघडलं आणि म्हणाली, “काका, तू आत्ता तर आत होतास.”

“मी काका नाही,” भाऊजी म्हणाले. “मी खेळणी न्यायला आलोय.”

खारूनं त्यांचा एप्रन बघितला. मग विश्वासानं त्यांच्या हाताला धरून आत आणलं. “घोडा होऊन ये,” तिनं सांगितलं. काखेत क्रेन होती, आकडा दातांत.

“दातांत नको गं,” आई आपसूक म्हणाली.

भाऊजींनी घसा साफ केला. कागदावरचं पहिलं वाक्य म्हटलं. “खारू, क्रेनची आई घरी तिची वाट बघतेय. आज तिला टाटा करायचं.”

आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, आपल्याच घरात, आपल्याच मुलीला बोललेलं तिनं पहिल्यांदा ऐकलं. खारूचा चेहरा बदलला. रडली नाही. ती क्रेनकडे बघत राहिली, जणू क्रेननं एवढी मोठी गोष्ट आपल्यापासून लपवून ठेवली होती.

“हिची आई आहे?” तिनं काकाकडे बघून विचारलं.

“आहे,” भाऊजी म्हणाले. “वाट बघतेय.”

खारूचा खालचा ओठ पुढे आला. गणित्यानं लॅपटॉप सरसावला. आता बटण. तिनं फोन हातात घेतला, ठरल्याप्रमाणे, आणि अंगठा हिरव्यावर नेला. ही पाच मिनिटं संपली.

“दाबू नका,” बाई म्हणाल्या.

“अं?”

“दाबणाऱ्यांचे आकडे मी पाहिले. शंभर टक्के. मला न दाबणारी आई बघायचीय. पुढे काय होतं?” त्यांनी भाऊजींकडे बघितलं. “तुमचं सगळं मॉडेल त्या क्षणावर उभं आहे ना? तुम्ही खेळणं खरंच नेता. मग न्या.”

“हो, हो. अर्थात,” भाऊजी म्हणाले.

“आणि नंतर मागच्या दारानं परत देणार असाल तर मला सांगा, मी तोवर खाली बसते.”

“छे छे. परत कशाला?” भाऊजी म्हणाले. त्यांनी वहिनीकडे बघून डोळा मारला असं ते नंतर शपथेवर सांगत; पण तिला तो दिसला नाही. तिला एवढंच दिसलं की त्यांचा हात पुढे झाला आणि क्रेनच्या दांड्याला लागला, आणि खारूनं हात मागे घेतला नाही. पोरीला वाटत होतं, आई उभी आहे म्हणजे हे बरोबरच असणार. ती आईकडे बघत होती. ओठ तसाच पुढे.

आईनं फोन खिशात टाकला. तिचं तिलाही कळायच्या आत तोंडातून गेलं, “नाही देत.”

भाऊजींचा हात दांड्यावरच राहिला.

“म्हणजे, बटण दाबताय?” भाऊजींनी हळूच विचारलं.

“नाही दाबत.”

“मग क्रेन—”

“क्रेनही देत नाही.”

बाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि पहिल्यांदाच पुढे झुकून बसल्या. “बरं. मग आता?”

भाऊजींनी गणित्याकडे बघितलं. गणित्यानं कागद उलटा केला, मागे काही आहे का बघायला. “इथे... विनंती करा असं आहे.”

“वहिनी, विनंती आहे,” भाऊजी म्हणाले.

“नाही देत, भाऊजी.”

“केली विनंती,” भाऊजी गणित्याला म्हणाले. “पुढे?”

“पुढे धन्यवाद आहे. आपला दिवस चांगला जावो.”

“मध्ये काही नाही?”

“मध्ये काही लिहिलेलं नाही.”

कागद तिनंच लिहिला होता. मूल रडलं तर काय म्हणायचं, आई रडली तर काय म्हणायचं, वडील ओरडले तर, आजी मध्ये पडली तर, कुत्र्यानं खेळणं चावलं असेल तर, सगळं होतं. कुणी सरळ ‘देत नाही’ म्हणेल हे तिच्या मनात आलंच नव्हतं. ती स्वतः आयुष्यात कधी कुणाला असं म्हणाली नव्हती. दुकानात सुटे पैसे कमी मिळाले तरी ती ‘असू दे’ म्हणून घरी येई आणि रात्रभर जागी राही.

“काही अनामत ठेवून घेता?” बाईंनी विचारलं.

“अनामत घेतली की लोक खेळणं घ्यायलाच कचरतात,” गणित्या म्हणाला. “आकडे आहेत.”

“पोलिसांत जाल?”

“एका क्रेनसाठी?” भाऊजी म्हणाले. आणि मग, कसं कोण जाणे, पण अतिशय प्रामाणिकपणे, “आणि लोक काय म्हणतील? लहान मुलाच्या हातातून ओढून घेतलं म्हणून?”

“म्हणजे तुमचा धंदा चांगल्या माणसांवर चाललाय.”

“हो!” भाऊजी उजळून म्हणाले.

“किती दिवस पुरतील?”

 स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई केव्हाच्या येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, ती नाही म्हणतेय ना? मग सोड की तो दांडा. कधीचा धरून बसलायस.”

भाऊजींनी दांडा सोडला. खारूनं क्रेन काखेत घेतली, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि खेळ संपला असं समजून गॅलरीत निघून गेली. सबंध निरोपात कुणी रडलं नव्हतं.

बाई उठल्या. चहा छान होता म्हणाल्या. दारात त्यांनी बूट चढवले आणि वहिनीला विचारलं, “हे आधी ठरलं होतं?”

“नाही हो,” ती म्हणाली. “ठरलं दुसरंच होतं.”

“वाटलंच,” बाई म्हणाल्या. “कळवते.” आणि गेल्या. ‘कळवते’चा अर्थ सगळ्यांना कळत होता. गणित्यानं एवढंच केलं, लॅपटॉपवर शंभर टक्के होतं तिथे काहीतरी खोडलं आणि नव्याण्णव असं काहीतरी केलं.

संध्याकाळ झाली. ती खाली बसून ससे तपासत होती आणि मनातल्या मनात दिराची माफी मागत होती. प्रत्येक खेपेला माफी ‘पण’वर येऊन थांबे. शहरातल्या दुसऱ्या ऑफिसांची आठवण काढून तिनं मनाशी अंतरंही मोजून पाहिली. सगळी लांब होती. आपण हे केलं, आपणच केलं, आणि उद्या पुन्हा वेळ आली तर? तिनं सशाचा डोळा ओढला. पुन्हा करू. हे कळल्यावर ती जास्तच घाबरली.

भाऊजी आले. समोरच्या स्टुलावर बसले. त्यांच्या अंगात एप्रन तसाच होता.

“वहिनी.”

“मला माफ करा, भाऊजी. मी—”

“नाही, ते राहू द्या. मला एक सांगा. मी तिला ते आईचं वाक्य बोललो ना, तेव्हा तिनं बघितलं माझ्याकडे. बाकीच्या घरीही असंच बघत असतील?”

“बघत असतील.”

“आपण कुणाच्या घरी गेलोच नाही ना. सगळ्यांनी आधीच दाबलं.”

“हो.”

त्यांनी फळ्याकडे बघितलं. चौथं मॉडेल अजून तिथेच होतं, बाणांसकट. “ते वाक्य काढून टाकू,” ते म्हणाले. “पण मग मॉडेल राहत नाही. वाक्यच मॉडेल होतं.”

“काढा.”

ते उठले आणि फळा पुसला. पांढरा फळा समोर आला की त्यांना एरवी चेव येत असे. आज ते नुसते उभे राहिले. मागच्या अंगणात दोरीवरून एक अस्वल पडल्याचा आवाज आला, कुणी उठलं नाही.

“तुम्हीच सुचवा काही,” ते शेवटी म्हणाले. “गिऱ्हाईक तुम्हाला कळतं.”

तिनं ससा मांडीवर ठेवला. तिला सुचत होतं ते इतकं मामुली होतं की बोलायची लाज वाटत होती. कॉलेजात तिनं अर्थशास्त्र घेतलं होतं. तिथेही हे कुणी शिकवलं नव्हतं, कारण शिकवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

“विकू या,” ती म्हणाली.

“काय विकू या?”

“खेळणी.”

भाऊजी वळले. “म्हणजे कसं?”

“खेळणं द्यायचं. त्याचे पैसे घ्यायचे.”

“बरं. आणि महिन्यानं?”

“महिन्यानं काही नाही.”

“परत?”

“परत नाही. ते त्यांचंच.”

“कायमचं?”

“कायमचं.”

भाऊजींनी मार्करचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. दारात गणित्या येऊन उभा होता. त्यानंही ऐकलं होतं. तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, “एकदाच पैसे? आणि मग ते गिऱ्हाईक आपल्याला काही देणं लागत नाही?”

“नाही.”

“आणि आपणही त्यांना नाही?”

“नाही. फक्त डोळा निघाला तर बदलून द्यायचा.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. बाहेर रस्त्यावरून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. भाऊजींनी फळ्यावर एका कोपऱ्यात, लहान अक्षरांत ‘विकणे’ असं लिहिलं, मागे सरकून ते बघितलं, आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

“धाडसी आहे,” ते म्हणाले. “पण हे कुणाला पटवून द्यायचं म्हणजे फार जड जाणार, वहिनी.”